नवा देश जाहीर करायचा म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं: स्लोव्हेनियाचं उदाहरण धरून, टप्प्याटप्प्याने

मॉडेल युनायटेड नेशन्सच्या (विद्यार्थी देशांचे प्रतिनिधी होऊन बसतात ती नकली युनो) कमिट्या, यूपीएससीची उत्तरं, आणि हल्ली तर कादंबरी लिहायला घेतलेल्या पोरांचे कच्चे खर्डे, सगळीकडे एकच चूक परत परत दिसते. प्रांत फुटून निघतोय म्हटलं की पहिल्या पानावर जाहीरनामा, दुसऱ्यावर झेंडा, तिसऱ्यावर थेट युनोत भाषण. मधलं सगळं गायब. विमानतळावर पासपोर्टवर शिक्का कोण मारणार, शिक्षकांचा पगार कुठल्या नोटांत होणार, तुरुंगातला माणूस कुठल्या कायद्याने आत राहणार, काही पत्ता नाही. म्हणून हा क्रम एकदा नीट लिहून काढतोय.

मुख्य उदाहरण स्लोव्हेनियाचं घेतलंय. वीस लाखांच्या आसपास वस्ती, १९९१ साली युगोस्लाव्हियातून बाहेर पडला, आणि कागदोपत्री काम इतकं शिस्तीत केलं की प्रत्येक पायरी वेगळी काढून दाखवता येते. मधेमधे बांगलादेश, कॅटलोनिया (स्पेनमधला प्रांत), कोसोवो (सर्बियातून फुटलेला), बियाफ्रा (नायजेरियातून फुटलेला) येतील, बरेचदा कुठे घसरायला होतं ते दाखवायला.

आणि हो, यात वेगळ्या विदर्भाचं उदाहरण घालू नका, लोक घालतात. ते देशाच्या आतलं नवं राज्य झालं, संविधानाच्या कलम ३ खाली संसद साध्या कायद्याने करू शकते. आपण बोलतोय ते देशच वेगळा होण्याबद्दल, त्याचा या कलमाशी काही संबंध नाही.

टप्पा १: प्रकरण कुठल्या जातीचं आहे ते ओळखा

हे न करता पुढे गेलात तर बाकीचं सगळं चुकतं. ढोबळमानाने चार प्रकार पडतात.

मूळ देशाची संमती असते तो पहिला. दक्षिण सुदान. २००५ च्या शांतता करारातच सार्वमत लिहिलेलं होतं, जानेवारी २०११ मध्ये ते झालं, ९८.८३ टक्के लोकांनी वेगळं व्हायला मत दिलं, ९ जुलैला देश झाला आणि १४ जुलैला युनोचा १९३ वा सदस्य. पाच दिवसांत! हे बघून लोकांना वाटतं असंच होत असतं.

दुसरा, दोघांनी बसून वाटून घेतलं. चेकोस्लोव्हाकिया, १ जानेवारी १९९३. यात सार्वमत झालंच नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तिसरा, जुना देश परत चालू करणं. लिथुआनियाने ११ मार्च १९९० ला स्वातंत्र्य 'पुनर्स्थापित' केलं, म्हणजे आम्ही फुटत नाही आहोत, १९४० साली तुम्ही आम्हाला गिळलं होतंत, ते आता संपलं. या भूमिकेमुळे त्यांनी सोव्हिएत संघाचा बाहेर पडण्याचा कायदा पाळायला सरळ नकार दिला, कारण पाळला तर आपण आत होतो हे मान्य केल्यासारखं होतं.

चौथा प्रकार एकतर्फी. स्लोव्हेनिया, बांगलादेश, कोसोवो, कॅटलोनिया. पुढचं सगळं या चौथ्यासाठी.

*तपासा:* मूळ देशाच्या घटनेत बाहेर पडायचं दार आहे का? सोव्हिएत घटनेत हक्क लिहिलेला होता, पण एप्रिल १९९० मध्ये जो कायदा केला त्यात दोन तृतीयांश बहुमत आणि पाच वर्षांपर्यंतचा संक्रमण काळ, म्हणजे दार आहे पण कुलूप लावून. युगोस्लाव्हियाच्या १९७४ च्या घटनेत प्रस्तावनेत उल्लेख होता, पद्धत कुठेच नव्हती. स्पेनच्या घटनेत तर देशाची एकता अविभाज्य असं स्वच्छ लिहिलंय. तुमचं प्रकरण यातलं कुठलं ते आधी कागदावर लिहा.

टप्पा २: बोलायचा अधिकार कुणाला आहे ते सिद्ध करा

जाहीरनामा वाचणारा माणूस कोण, हा प्रश्न परदेशातला प्रत्येक अधिकारी पहिल्यांदा विचारतो. उत्तर 'आम्ही निवडून आलोय' असं हवं.

स्लोव्हेनियात एप्रिल १९९० मध्ये पहिल्यांदा बहुपक्षीय निवडणूक झाली, 'देमोस' नावाची आघाडी जिंकली, लोयझे पेतेरले पंतप्रधान झाले, आणि अध्यक्षपदी मिलान कुचान आले जे स्वतः जुने कम्युनिस्ट नेते. गंमत म्हणजे हा विरोधाभास उपयोगी पडला, कारण बेलग्रेडशी, म्हणजे युगोस्लाव्हियाच्या राजधानीशी, कसं बोलायचं हे कुचानना पक्कं ठाऊक होतं.

बांगलादेशकडे तर याहून भक्कम कागद होता. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला. त्यामुळे पुढे एप्रिलमध्ये जी सभा घोषणा करायला बसली ती आपोआप निवडून आलेल्या प्रतिनिधींची सभा होती. ही गोष्ट उत्तरात लिहायला विसरू नका, २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने केलेली कत्तल सगळे लिहितात, या जागांचा आकडा कुणी लिहीत नाही.

टप्पा ३: हत्यारं, पोलीस आणि गोदामाच्या किल्ल्या

युगोस्लाव्हियात मुख्य सैन्याशिवाय प्रत्येक प्रजासत्ताकाचं स्वतःचं 'प्रादेशिक संरक्षण दल' होतं, म्हणजे राखीव सैनिक, त्यांची हत्यारं गावोगावच्या गोदामांत. मे १९९० मध्ये, नवं सरकार शपथ घेतंय त्याच सुमारास, सैन्याने हुकूम काढला की ही हत्यारं आमच्या डेपोत आणून ठेवा. बरीचशी गेलीही. काही नगरपालिकांनी मात्र द्यायला नकार दिला, आणि जी काही हाताशी राहिली त्यावर सरकारने गुपचूप एक समांतर संघटना उभी केली, संरक्षणमंत्री यानेझ यान्शा आणि गृहमंत्री इगोर बावचार यांच्या देखरेखीखाली. सप्टेंबरमध्ये घटनादुरुस्ती करून दलाचा ताबा कायद्यानेही स्वतःकडे घेतला.

क्रम बघा. जाहीरनाम्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट आहे. कमिटीत पोरं जाहीरनामा वाचल्यावर 'आता आपण सैन्य उभारू' असा ठराव आणतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

दुसरी बाजू माणसांची. मार्च १९९१ मध्ये स्लोव्हेनियाने आपली पोरं युगोस्लाव्ह सैन्यात भरतीला पाठवणंच थांबवलं आणि मे महिन्यात ईग आणि पेकरे इथे स्वतःची प्रशिक्षण केंद्रं सुरू केली. पेकरेला त्याच महिन्यात सैन्याने वेढा घातला, तणाव झाला. म्हणजे समोरच्याला सगळं कळत होतं. गुप्तता नोटांबाबत आणि हत्यारांबाबत होती, हेतूबाबत काडीचीही नव्हती.

*सावधान:* लिथुआनियाने हा टप्पा पुरा व्हायच्या आत जाहीर केलं. एप्रिल १९९० मध्ये मॉस्कोने तेल आणि गॅस अडवला, जानेवारी १९९१ मध्ये राजधानी व्हिल्नियसमध्ये टीव्ही टॉवरपाशी रणगाडे आले, १४ माणसं गेली. शेवटी जिंकले तेच, पण किंमत मोजून.

टप्पा ४: सार्वमत, आणि त्यातला भाजक

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा सावकाश घेऊ.

स्लोव्हेनियाचं सार्वमत २३ डिसेंबर १९९० ला झालं. प्रश्न एका ओळीचा: स्लोव्हेनिया प्रजासत्ताकाने स्वायत्त आणि स्वतंत्र राज्य व्हावं का? जिंकायची अट कायद्यात आधीच लिहिलेली होती आणि ती मतदान केलेल्यांच्या बहुमताची नव्हती, एकूण नोंदलेल्या मतदारांच्या बहुमताची होती. जो घरी बसला तो 'नाही' मध्ये धरला जाणार. एवढी कडक अट स्वतःवर लावून घेतली तरी निकाल आला तो एकूण मतदारांच्या ८८.५ टक्के होय. मतदान ९३ टक्क्यांच्या वर होतं.

आता १ ऑक्टोबर २०१७ ची कॅटलोनियाची गोष्ट शेजारी ठेवा. न्यायालयाने स्थगिती दिलेली, पोलीस मतपेट्या उचलून नेतायत, वेगळं व्हायला विरोध असलेले बरेचसे लोक घरी बसलेले. पडलेल्या मतांत होय ९० टक्के, पण मतदानच ४३ टक्क्यांच्या आसपास. आता हा निकाल कितीही वेळा '९० टक्के' म्हणून सांगा, ऐकणारा लगेच भागाकार करून बघतो.

*तपासा:*
- टक्केवारी कशाची? एकूण मतदारांची की पडलेल्या मतांची? उत्तर लिहिताना दोन्ही द्या.
- हरणाऱ्या बाजूने मतदान केलं का? बोस्नियात १९९२ च्या सार्वमतावर सर्ब लोकांनी बहिष्कार घातला आणि पुढच्या युद्धाची रेघ तिथेच उमटली होती.
- निकालानंतर किती दिवसांत काय करणार हे आधी सांगितलंय का? स्लोव्हेनियाने सहा महिने सांगितले होते.

टप्पा ५: ते सहा महिने

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेचा जीव इथे आहे, आणि नेमका हाच भाग सगळे वगळतात कारण यात फोटो काढण्यासारखं काही घडत नाही. माणसं बसून कायदे लिहितात.

२५ जून १९९१ च्या आत काय काय तयार हवं होतं त्याची कल्पना यावी म्हणून: नागरिकत्वाचा कायदा, परदेशी लोकांचा कायदा, पासपोर्टचा कायदा, सीमा तपासणीचा कायदा, मध्यवर्ती बँकेचा कायदा, कस्टम, परराष्ट्र खातं. स्लोव्हेनियाकडे आधीपासून स्वतःची विधानसभा, मंत्रालयं, पोलीस होते, त्यामुळे सरकार शून्यातून उभारायचं नव्हतं, जी खाती फक्त बेलग्रेडला होती तेवढीच नव्याने करायची होती. मी म्हणतो कामाची यादी अशीच करावी, दोन रकाने आखायचे, आपल्याकडे आहे आणि राजधानीकडेच आहे. दुसऱ्या रकान्यात जे पडेल तेच खरं काम. परराष्ट्र, संरक्षण, चलन, कस्टम, हवाई वाहतूक नियंत्रण, टेलिफोनचा आंतरराष्ट्रीय कोड, टपाल, मोठ्या रकमेची बँक देवाणघेवाण.

टेलिफोनचा कोड वाचून हसू नका. कोसोवोने फेब्रुवारी २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथले मोबाइल मोनाको आणि स्लोव्हेनियाच्या कोडवर चालत होते, घरचे फोन सर्बियाच्या. स्वतःचा ३८३ मिळायला वाटाघाटी कराव्या लागल्या.

याच सहा महिन्यांत वाटाघाटीचा प्रयत्नही करायचा असतो, आणि केला हे दिसायलाही हवं असतं. स्लोव्हेनियाने सैल महासंघाचा प्रस्ताव आधीच मांडला होता. तो मान्य होणार नाही हे बहुतेकांना कळत होतं. तरी मांडायचा, कारण पुढे 'तुम्ही बोललातच नाही' असं कुणी म्हणू नये. त्यात जानेवारी १९९१ मध्ये उघडकीस आलं की सर्बियाने न विचारता सामाईक चलन व्यवस्थेतून भली मोठी रक्कम उचललीय, मग काय, कुंपणावर बसलेल्यांचीही समजूत पटली.

टप्पा ६: जाहीरनाम्याच्या दिवशी एक कागद नसतो, तीन असतात

२५ जून १९९१ ला राजधानी ल्युब्ल्याना इथल्या विधानसभेने एकाच बैठकीत तीन वेगळे कागद मंजूर केले. लोक त्यांची खिचडी करतात म्हणून वेगवेगळे सांगतो.

१. *पायाभूत घटनात्मक सनद.* कायद्याने देश होतो तो याने. युगोस्लाव्हियाची घटना इथे लागू नाही, सीमा या या, इटालियन आणि हंगेरियन अल्पसंख्याकांचे हक्क कायम.

२. *सनदेच्या अंमलबजावणीचा घटनात्मक कायदा.* सर्वात रूक्ष आणि सर्वात कामाचा. यात सांगितलं की आजवरचे संघराज्याचे कायदे, नव्या व्यवस्थेच्या विरोधात जात नसतील तिथवर, आता स्लोव्हेनियाचे कायदे म्हणून चालू राहतील. हे वाक्य नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न, खरेदीखत, वाहन परवाना, जन्मठेप सगळंच हवेत.

३. *स्वातंत्र्याचा जाहीरनामा.* जगाला उद्देशून, भाषणाच्या भाषेत. वर्तमानपत्रात छापला जातो तो हा.

बांगलादेशने १० एप्रिल १९७१ ला हेच केलं. एकीकडे स्वातंत्र्याची घोषणा, आणि त्याच तारखेला कायदे चालू ठेवण्याचा वेगळा आदेश, हंगामी राष्ट्रपती सय्यद नझरुल इस्लाम यांच्या सहीचा. डोक्यावर युद्ध चालू असताना कुणालातरी हा कागद सुचला याचं मला कायम कौतुक वाटतं.

सीमेबद्दल एक. जुन्या प्रशासकीय सीमा जशाच्या तशा घ्या, एक इंचही जास्त मागू नका. स्लोव्हेनियाने ऑस्ट्रिया, इटली, हंगेरीबरोबरची मान्य सीमा आणि क्रोएशियाबरोबरची युगोस्लाव्हियाच्या काळातली सीमा एवढंच लिहिलं. तरीही पिरानच्या छोट्याशा खाडीवरून क्रोएशियाशी भांडण लागलंच, लवादाचा निकाल २०१७ मध्ये आला आणि क्रोएशियाने तो मानला नाही.

*सावधान:* तारीख. जगाला २६ जून सांगितलेली होती, प्रत्यक्ष काम २५ ला उरकलं, २६ च्या संध्याकाळी चौकात समारंभ. समोरच्याला तयारीला एक दिवस कमी. उलट कॅटलोनियात १० ऑक्टोबरला तिथले सरकारप्रमुख पुजदेमोन यांनी जाहीर केलं आणि त्याच भाषणात स्थगित केलं, मग २७ तारखेला संसदेत ७० विरुद्ध १० मतांनी ठराव, आणि त्याच दिवशी माद्रिदच्या सिनेटने स्पेनच्या घटनेचं कलम १५५ लावून अख्खं सरकार बरखास्त करायला मंजुरी दिली. सरकारी इमारतीवरचा स्पेनचा झेंडासुद्धा उतरवला नव्हता. कागद होता, पण कस्टम, पोलीस, तिजोरी यातलं काहीही दुसऱ्या दिवशी बदललं नाही.

टप्पा ७: सरकार, म्हणजे नेता हजर नसेल तर काय

स्लोव्हेनियात मंत्रिमंडळ तेच पुढे चालू राहिलं, त्यामुळे इथे शिकायचं तर बांगलादेशकडून.

तीन तारखा पाठ करा आणि एकमेकींत मिसळू नका. २६ मार्च १९७१ हा स्वातंत्र्य जाहीर झाल्याचा दिवस. १० एप्रिलला निवडून आलेल्या प्रतिनिधींनी लेखी घोषणापत्र काढलं आणि ते २६ मार्चपासून लागू धरलं. १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या बैद्यनाथतला इथल्या आमराईत मंत्रिमंडळाने शपथ घेतली, त्या जागेला नाव दिलं मुजीबनगर. परीक्षेत 'सरकार कधी स्थापन झालं' विचारलं की लोक २६ मार्च लिहून मोकळे होतात.

अडचण अशी होती की राष्ट्रपती म्हणून ज्यांचं नाव घोषणापत्रात आहे ते शेख मुजीब पाकिस्तानच्या कैदेत. म्हणून घोषणापत्रातच कलम टाकलं की राष्ट्रपती नसतील किंवा काम हाती घेऊ शकत नसतील तर सगळे अधिकार उपराष्ट्रपतींकडे. उपराष्ट्रपती नझरुल इस्लाम, पंतप्रधान ताजुद्दीन अहमद, सेनापती म्हणून उस्मानी. शपथ आपल्या भूमीवर घेतली, कचेरी मात्र कलकत्त्यात, ८ थिएटर रोडला. हे मुद्दाम. परक्या शहरात शपथ घेतली असती तर 'भारताने बसवलेलं सरकार' हा शिक्का पहिल्याच दिवशी बसला असता.

लगेच दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला, कलकत्त्यातले पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी कचेरीवर बांगलादेशचा झेंडा चढवला. म्हणजे नव्या सरकारला पहिली परदेशी कचेरी इमारतीसकट मिळाली, बाजू बदललेल्या माणसामुळे. सिम्युलेशनमध्ये बसला असाल तर मूळ देशाच्या वकिलातीत आपली माणसं किती आहेत ते आधी मोजा.

*तपासा:* सही कोणाची चालणार? तो माणूस मेला, पकडला गेला, पळाला तर पुढचा कोण? हे घोषणेतच लिहिलंय का?

टप्पा ८: पहिला आठवडा सीमा नाक्यावर जातो

२५ जूनच्या संध्याकाळीच स्लोव्हेनियाच्या पोलीस आणि कस्टमवाल्यांनी नाकी ताब्यात घेतली. युगोस्लाव्हियाच्या पाट्या काढल्या, स्वतःच्या लावल्या. पाटीला एवढं महत्त्व का? कारण कस्टमचा पैसा हा संघ सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग होता, आणि इटली-ऑस्ट्रियाकडून येणारा माल इथूनच आत यायचा. बेलग्रेडला खरी कळ तिथे लागली. २७ जूनला सैन्य निघालं ते मुख्यतः नाकी आणि विमानतळ परत घ्यायलाच.

दहा दिवसांची लढाई झाली, दोन्हीकडची मिळून साठहून जास्त माणसं मेली. स्लोव्हेनियाने रस्ते अडवले, बराकींचं वीज-पाणी तोडलं, आणि ल्युब्ल्यानाच्या त्सांकार भवनात परदेशी पत्रकारांसाठी केंद्र चालवलं जिथून माहितीमंत्री येल्को कात्सिन रोज बोलायचे. युद्ध थांबलं ते ७ जुलैच्या ब्रियोनी कराराने.

या करारात अट होती: स्वातंत्र्याच्या अंमलबजावणीला तीन महिने स्थगिती. 'मग माघारच घेतली की' असं लोक लिहितात. तसं नाही. जाहीरनामा रद्द झाला नाही, पुढची पावलं थांबली, नाक्यांवर स्लोव्हेनियाचेच पोलीस राहिले, आणि युरोपीय समुदाय (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) पहिल्यांदा वाटाघाटीच्या टेबलावर समोर येऊन बसला. ऑक्टोबरच्या अखेरीस शेवटचे युगोस्लाव्ह सैनिक कोपर बंदरातून जहाजाने गेले.

टप्पा ९: नोटा

स्थगिती ऑक्टोबरच्या ७ तारखेला संपली आणि ८ ला स्लोव्हेनियाने स्वतःचं चलन आणलं, दिनारला एकास एक. नोटा आधीच गुपचूप छापून ठेवलेल्या होत्या, पण छापताना चलनाचं नावच ठरलं नव्हतं! त्यामुळे त्या पहिल्या नोटांवर देशाचं नाव आहे, आकडा आहे, नंतर ठरलेलं 'तोलार' हे नाव नाहीच.

उशीर केला तर काय होतं ते बियाफ्राला विचारा. मे १९६७ मध्ये नायजेरियातून फुटले, जुन्याच नोटा वापरत राहिले, आणि जानेवारी १९६८ मध्ये नायजेरियाने नोटाच बदलल्या. बियाफ्राकडचा साठा रद्दी झाला. आपल्याकडे नोटाबंदी अनुभवलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

*सावधान:* नोटा बदलायची मुदत फक्त काही दिवस ठेवा आणि ते दिवस सीमा बंद ठेवा, नाहीतर शेजारचे जुने पैसे पोत्याने तुमच्याकडे येऊन पडतात.

टप्पा १०: मान्यता

पहिली गैरसमजूत, मान्यता मिळाली की देश होतो. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात चार गोष्टी सांगितल्यात: कायमची लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार, आणि इतर देशांशी संबंध ठेवायची क्षमता. दुसऱ्यांची मान्यता त्यात नाही. पण व्यवहारात मान्यता नसेल तर कर्ज नाही, पासपोर्ट चालत नाही, विमा नाही. सोमालीलँड १९९१ मध्ये सोमालियातून वेगळा झाला, स्वतःचं चलन, पासपोर्ट, निवडणुका सगळं चालवतोय, पण युनोचं सदस्यत्व नाही.

दुसरी, मान्यता म्हणजे युनो. या दोन वेगळ्या गोष्टी. एकेका देशाची मान्यता सुटी मिळते. युनोत जायला सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ मतं, पाच कायम सदस्यांपैकी एकाचाही नकाराधिकार नको, मग आमसभेत दोन तृतीयांश. बांगलादेशला भूतान आणि भारताने ६ डिसेंबर १९७१ ला मान्यता दिली, पण १९७२ मध्ये चीनने नकाराधिकार वापरला आणि सदस्यत्व मिळालं ते सप्टेंबर १९७४ मध्ये. कोसोवोला बऱ्याच देशांनी मान्यता दिलीय, भारताने दिलेली नाही, आणि युनोत तो नाही.

तिसरी, कोसोवोबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१० मध्ये 'वेगळं व्हायचा हक्क' मान्य केला. अजिबात नाही. न्यायालयाने १० विरुद्ध ४ मतांनी एवढंच सांगितलं की तो जाहीरनामा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही. हक्क आहे का, कोसोवो देश आहे का, या प्रश्नांना हातच लावला नाही.

स्लोव्हेनियाची रांग कशी लागली बघा. जाहीर करायच्या चारच दिवस आधी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर बेलग्रेडला येऊन 'मान्यता देणार नाही' सांगून गेले होते. पहिले आले ते छोटे: क्रोएशिया, जो स्वतःच फुटत होता, मग लढाईनंतर जुलैअखेर लिथुआनिया. डिसेंबरमध्ये आइसलँड आणि जर्मनी. २३ डिसेंबर १९९१ ला, सार्वमताच्या बरोबर वर्षाने, नवी घटना मंजूर. मधे युरोपीय समुदायाने न्यायाधीशांचा बादिंतेर आयोग नेमलेला, त्याने निकष तपासून स्लोव्हेनिया पास केला, आणि १५ जानेवारी १९९२ ला समुदायाची मान्यता. अमेरिका एप्रिलमध्ये, युनो २२ मे १९९२ ला. जाहीरनाम्यापासून अकरा महिने, आणि हे सुरळीत झालेलं प्रकरण आहे.

टप्पा ११: नागरिक कोण

स्लोव्हेनियाने इतकं नीट करूनही जिथे माती खाल्ली ते इथे.

बोस्निया, सर्बिया वगैरेकडून कामाला येऊन वर्षानुवर्षं राहिलेले लोक होते. त्यांना नागरिकत्वासाठी सहा महिन्यांत अर्ज करा म्हणून सांगितलं, बहुतेकांनी केला, मिळालंही. पण ज्यांनी केला नाही किंवा ज्यांचा नामंजूर झाला त्यांची नावं २६ फेब्रुवारी १९९२ ला कायम रहिवाशांच्या नोंदवहीतून काढून टाकली. न कळवता. २५,६७१ माणसं. एखादा बापडा परवान्याच्या नूतनीकरणाला खिडकीवर जायचा आणि तिथे त्याचं ओळखपत्र काढून घेऊन त्याला भोक पाडायचे. काम गेलं, दवाखाना गेला, काहींना हद्दपार केलं. त्यांना 'पुसलेले' म्हणतात. स्लोव्हेनियाच्याच घटना न्यायालयाने १९९९ मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२ मध्ये स्लोव्हेनियाला दोषी धरलं.

*तपासा:* ठरलेल्या दिवशी जो तिथे राहतोय तो आपोआप आत, नको असेल त्याने बाहेर पडायचा अर्ज करायचा, असा कायदा आहे का? की उलटा आहे? उलटा असेल तर मुदतीनंतर उरलेल्यांचं काय, हे त्याच कायद्यात लिहा.

टप्पा १२: वाटणी

कर्ज, सोनं, वकिलाती, कागदपत्रं, परदेशी ठेवी. सातबारा वेगळा झाला तरी विहीर सामाईक राहते तसला प्रकार. युगोस्लाव्हियाच्या वारसांनी वाटणीचा करार केला तो जून २००१ मध्ये, व्हिएन्नात, आणि लागू व्हायला २००४ उजाडलं.

त्यातही बँकेचा गुंता राहिलाच. ल्युब्ल्यानाच्या बँकेच्या साराजेव्हो आणि झाग्रेबच्या शाखांत लोकांनी परकीय चलनात पैसे ठेवले होते. देश फुटल्यावर बँक म्हणे त्या शाखा आता आमच्या नाहीत. ठेवीदार वीस-बावीस वर्षं फिरले, २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने सांगितलं की पैसे स्लोव्हेनियाने द्यायचे. तेव्हा कमिटीत तुम्ही अर्थमंत्र्याच्या खुर्चीत असाल तर टप्पा ५ मध्येच आपल्या बँकांच्या बाहेरच्या शाखा आणि बाहेरच्या बँकांच्या आपल्याकडच्या शाखा, दोन्ही याद्या मागून घ्या, ठेवींच्या रकमेसकट.